हवाबंद कोठी, तरी गव्हाला टोके: दर पावसाळ्यातल्या किडीची तपासणी कुठून सुरू करायची

सांगलीत माझं धान्याचं दुकान आहे. एप्रिल-मेमध्ये लोक वर्षाचा गहू, शाळू, तांदूळ भरून नेतात आणि आषाढ सरता सरता त्यातलीच काही मंडळी परत येतात. तक्रार ठरलेली: "कोठी चांगली हवाबंद घेतली, तरी किडे झालेच कसे?" काहींनी तोवर दुसरी, आणखी महागाची कोठी बघूनही ठेवलेली असते. नवी कोठी येते आणि पुढच्या श्रावणात तिच्यातही टोके फिरतात.

ओळखीच्यांच्या घरी जाऊन मी अशा बऱ्याच कोठ्या उपसल्या आहेत. हवाबंद कोठी बाहेरचा किडा आत येऊ देत नाही हे खरं, पण भरताना आत गेलेला किडा आणि आत गेलेलं पाणी यांनाही ती तितक्याच इमानाने सांभाळते. दोष बहुतेक वेळा भरणीत सापडतो, कोठीत क्वचित. म्हणून खालच्या तपासण्या खर्चाच्या क्रमाने लावल्या आहेत. फुकटच्या आधी, कोठी बदलायची गोष्ट शेवटी.

लक्षणं

वरच्या थरातलं, मधलं आणि तळातलं मूठ-मूठ धान्य काढून पांढऱ्या कागदावर पसरा. नुसतं वरचं बघून फसायला होतं, कारण काही किडे तळाशी राहतात आणि पाणी बहुतेक वेळा झाकणाखाली साचतं.

दाण्याला सुबक गोल भोक आणि शेजारी पुढं सोंड असलेला काळपट किडा दिसला, तर तो सोंडकिडा. आमच्याकडे यालाच टोका म्हणतात. तळाशी पिठासारखी भुकटी भरपूर, आणि किडा बारीक, लांबट, बिनसोंडेचा असेल तर तो दाणे पोखरणारा भुंगेरा. बऱ्यापैकी सुक्या धान्यातही तो तग धरतो, म्हणून त्रासदायक. तांबूस, चपटे, चपळ किडे दिसले तर ते फुटक्या दाण्यांवर आणि पिठावर जगणारे. धान्य न चाळता भरलं, किंवा आधीच दुसऱ्या कुणी दाणे फोडून ठेवले, असा त्याचा अर्थ. जाळी धरून दाण्यांचे गोळे झाले असतील तर पतंगाची अळी आहे. तांदूळ, रवा आणि जोंधळ्यात ती जास्त दिसते. मूग, चवळी, हरभऱ्यावर खसखशीएवढे पांढरे ठिपके चिकटलेले असतील तर ती भुंग्याची अंडी. ही कीड बहुतेकदा शेतातूनच शेंगेबरोबर येते.

दोन लक्षणांना मात्र घाबरायचं. पहिलं: वरच्या थरात केसाळ, पिवळसर-तपकिरी अळ्या आणि त्यांनी टाकलेल्या कातींचा कचरा. हा खापरा भुंगेरा. दुसरं: किडा एकही नाही, पण कुबट वास, झाकणाच्या आतून थेंब, काठाशी गोळे धरलेलं धान्य आणि कोठीत कोपरापर्यंत हात घातल्यावर लागणारी ऊब. यांपैकी काहीही असेल तर मधल्या तपासण्या सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

पहिली तपासणी: दाणा आतून कसा आहे

भांडंभर पाण्यात मूठभर गहू टाकून ढवळा. पोकळ झालेले दाणे तरंगतात. चार-दोन तरंगले तर काही बिघडत नाही, बाजारच्या गव्हात तेवढे असतातच. पण वर थर धरला तर कीड आत मुरलेली आहे आणि नुसतं चाळून भागणार नाही.

याचं कारण सोंडकिड्याच्या सवयीत आहे. मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावून ते भोक बुजवते. अळी दाण्याच्या आतच वाढते, कोषही आतच, आणि भोक पाडून बाहेर येतो तो थेट पूर्ण वाढलेला किडा. तुम्ही मेमध्ये गहू निवडता तेव्हा तो दाणा डोळ्यांना धडधाकट दिसतो. आपल्याकडच्या उकाड्यात अंड्यापासून किड्यापर्यंत साधारण चार-पाच आठवडे लागतात. मेच्या मध्यात भरलेल्या गव्हातली अंडी जूनच्या शेवटी किडे होतात. तेव्हा ते थोडे असतात आणि नजरेला पडत नाहीत. त्यांची पुढची पिढी श्रावणात बाहेर पडते आणि एका मादीमागे शेकड्यांनी हिशोब सुरू होतो. "परवापर्यंत एकही नव्हता, एका रात्रीत झाले" असं गिऱ्हाईक म्हणतं ते यामुळेच.

दुसरी तपासणी: ओल

कोरडी काचेची बाटली घ्या. तिसरा हिस्सा धान्य, वर दोन-तीन मोठे चमचे अगदी सुटसुटीत कोरडं मीठ. झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पाव तास ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात १५ टक्क्यांहून जास्त ओल आहे, आणि असं धान्य कोणत्याही हवाबंद भांड्यात भरायचं नाही. पावसाळ्यात ही तपासणी करणार असाल तर मीठ आधी तव्यावर भाजून गार करून घ्या, नाहीतर मिठाचीच ओल मोजली जाईल.

मीठ चिकटलं नाही म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. ही चाचणी जाडीभरडी आहे. वर्षभर ठेवायच्या गव्हाला १२ टक्के किंवा त्याच्या खाली ओल हवी, कडधान्याला १० च्या आसपास. दाणा दाढेखाली धरा. कट्‌ आवाज करून तुटला तर ठीक. दबून मग फुटला तर अजून ऊन हवं. खात्री करायची असेल तर मोठ्या धान्य व्यापाऱ्याकडे ओल मोजायचं यंत्र असतं. एक वाटी धान्य घेऊन गेलात तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

ओलीवर एवढा जोर का? उघड्या पोत्यातलं किंचित ओलं धान्य वाऱ्याने हळूहळू सुकतं. हवाबंद पिंपात त्या ओलीला बाहेर जायला वाटच नसते. म्हणजे झाकण जितकं घट्ट, तितकं धान्य कोरडं पाहिजे. ओला गहू ठेवायचाच असेल तर पोतं बरं. निदान तो बिघडायला लागल्याचा वास तरी लवकर येतो.

तिसरी तपासणी: खाली काय उरलं होतं

हा प्रश्न विचारला की बहुतेक जण क्षणभर थांबतात. मागच्या वर्षीचा चार-पाच किलो गहू तळाशी होता, त्यावरच नवा ओतला. किंवा कोठी रिकामी केली, पण खालच्या तोंडाजवळच्या खोबणीत, पत्र्याच्या दुमडीत, झाकणाच्या रबराखाली मूठभर भुकटी तशीच राहिली. एवढं बियाणं किड्यांना पुरतं. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हेच, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

जुनं धान्य वेगळ्या डब्यात काढा आणि आधी संपवा. कोठी आडवी करून ताठ कुंचल्याने दुमडी झाडा, झाकणाचं रबर उपसून त्याखालची खाच पुसा. मग उकळतं पाणी फिरवा (प्लास्टिकच्या पिंपाला कोमट) आणि दिवसभर कडक उन्हात उघडी ठेवा. आत बोट फिरवल्यावर ओल लागली तर आणखी एक दिवस.

धान्य आणलेलं पोतंही घरात ठेवू नका. जुनं बारदान म्हणजे किड्यांची धर्मशाळा. विणीत अळ्या आणि कोष अडकलेले असतात. कोठी भरून झाल्यावर रिकामं पोतं त्याच खोलीत घडी घालून ठेवण्याची सवय घरोघरी दिसते. ते उकळत्या पाण्यात बुडवून वाळवा किंवा देऊन टाका. दळणाचा डबाही बघा. गिरणीतून येताना तांबडे किडे त्याच डब्यातून येतात आणि पुढची मूठ काढायला तोच डबा कोठीत बुडवला जातो.

चौथी तपासणी: ऊन दिलं, पण कसं आणि भरलं कधी

"ऊन दाखवलं होतं" हे वाक्य मी पुराव्यात धरत नाही. गच्चीवर वीतभर उंचीचा ढीग करून दिवसभर ठेवला तर वरचे दाणे तापतात आणि खालचे सावलीतच राहतात. थर दोन बोटांपेक्षा जाड नको आणि दर तासाला पायाने किंवा दंताळ्याने पालटायचा. दाण्याचं तापमान ५० अंशांच्या वर काही तास राहिलं तरच आतल्या अळ्या मरतात. मेच्या उन्हातसुद्धा पांढऱ्या चादरीवर तेवढं तापेलच असं नाही. खाली काळं प्लास्टिक आणि दुपारी वरून पारदर्शक प्लास्टिक पसरून कडा दाबल्या तर तेवढं तापमान मिळतं. वरच्या प्लास्टिकला आतून दव धरलं तर ते काढून पुसायचं आणि शेवटचा तासभर धान्य उघडंच ठेवायचं. पेरायचं बियाणं मात्र असं तापवू नका, उगवण जाईल.

आता खरी गडबड होते ती संध्याकाळी. पाहुणे येणार, वळवाचे ढग आलेत, म्हणून पाच वाजता तापलेला गहू तसाच कोठीत ओतला आणि झाकण लावलं. रात्री पत्रा गार होतो, आतली गरम हवा वर येते आणि झाकणाला लागून तिचं पाणी होतं. ते थेंब वरच्या थरावर पडतात. दोन महिन्यांनी वरचा चार बोटं थर कुबट, खालचा सगळा ठणठणीत, असं दृश्य असेल तर कारण बहुधा हेच. गहू रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि सकाळी भरा. कोकणात किंवा गोव्यात मात्र रात्रीची हवाच दमट, तिथे उघडं पसरण्याऐवजी जाड कापडाखाली गार करा आणि ऊन चढण्याआधी भरून मोकळे व्हा.

कोठी पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेली असेल तर तीही सरकवा. दुपारी भिंत तापते, पहाटे गार होते, आणि कोठीतली ओल रोज थोडी थोडी गार बाजूकडे सरकत एका जागी जमते. भिंतीपासून वीतभर अंतर, खाली लाकडी फळ्या किंवा घडवंची. एवढ्यानेच सुटलेल्या तक्रारीही मी पाहिल्या आहेत.

पाचवी तपासणी: कोठी किती वेळा उघडते, किती भरलेली आहे

हवाबंद भांड्याने किडे मरतात ते प्राणवायू संपल्यामुळे. किडे, अळ्या आणि थोडं धान्यही श्वास घेतं. आतला प्राणवायू हवेतल्या २१ टक्क्यांवरून सुमारे ३ टक्क्यांच्या खाली गेला आणि काही आठवडे तसाच राहिला तर कीड गुदमरते. दर चार दिवसांनी दळणासाठी झाकण उघडलं की हिशोब पुन्हा पहिल्यापासून. अशा कोठीला हवाबंद म्हणण्यात काही अर्थ नाही.

भरणीचाही हिशोब बघा. २०० लिटरच्या पिंपात गहू साधारण १५० किलो मावतो. काठोकाठ भरलं तरी दाण्यांमधल्या फटींत जवळपास ४० टक्के जागा हवेची, म्हणजे ८० लिटर हवा आणि त्यात सुमारे १७ लिटर प्राणवायू. तेच पिंप अर्धं भरलं तर रिकामी जागा धरून १४० लिटर हवा, २९ लिटर प्राणवायू, आणि गहू मात्र निम्मा. किलोमागे तिपटीहून जास्त प्राणवायू झाला. एक मोठं पिंप अर्धं रिकामं ठेवण्यापेक्षा ५० लिटरची दोन भरलेली बरी, हे म्हणणं या आकड्यांवरून आलेलं आहे.

हल्ली ऑनलाइन मिळणाऱ्या, प्राणवायू शोषणाऱ्या पुड्यांबद्दल लोक विचारतात. ३०० मिलिलिटर प्राणवायू शोषणारी पुडी धरली तर त्या भरलेल्या पिंपाला पन्नासहून जास्त पुड्या लागतील. दोन टाकून समाधान मिळेल, किडे मरणार नाहीत. दोन-पाच किलोच्या बंद पिशवीत त्या कामाच्या. आणखी एक जुनी युक्ती म्हणजे धान्यावर पेटता दिवा ठेवून झाकण लावायचं, दिवा विझला की हवा संपली. पण ज्योत १६ टक्क्यांच्या आसपासच विझते आणि किड्याला तेवढा प्राणवायू आरामात पुरतो. प्लास्टिकच्या पिंपात तर हा प्रयोग नकोच.

यावरचा उपाय घरातच आहे. महिन्याचं धान्य बसेल असा एक डबा स्वयंपाकघरात ठेवा, मोठी कोठी महिन्यातून एकदाच, कोरड्या दिवशी, दुपारी उघडा आणि लगेच बंद करा. नवीन भरलेली कोठी तर पहिले दोन महिने उघडूच नका. त्यासाठी मेमध्येच तेवढा गहू बाहेर काढून ठेवायचा.

सहावी तपासणी: झाकण आणि सांधे

आता कोठीकडे वळायला हरकत नाही. कागदाची पट्टी झाकण आणि काठ यांच्यामध्ये ठेवून झाकण लावा आणि पट्टी ओढा. सहज सरकली तर त्या जागी रबर दबत नाही. गोलाकार आठ-दहा ठिकाणी बघा. रबर कडक झालं असेल, त्यावर नखाची खूण उमटत नसेल, तर नवी रिंग आणा. हार्डवेअरच्या दुकानात मापाने मिळते. लहान डबा असेल तर रिकामाच झाकण लावून बादलीत दाबून धरा, बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. पत्र्याच्या मोठ्या कोठीत अंधाऱ्या खोलीत पेटती बॅटरी ठेवून झाकण लावा आणि बाहेरून सांधे बघा. पण उजेड दिसला नाही म्हणून हवा जात नाही असं समजू नका, सांध्यांवर साबणाचं पाणी लावून झाकण दाबून बघणं जास्त खात्रीचं.

पत्र्याच्या कोठीचं सगळ्यात कच्चं ठिकाण म्हणजे धान्य काढायचं खालचं तोंड. त्याचं सरकतं झाकण हवा अडवण्यासाठी केलेलंच नसतं. साठवणीच्या काळात ते बाहेरून चिकटपट्टीने पक्कं बंद करा आणि धान्य वरूनच काढा. सांध्यातली भोकं एमसीलने बुजवता येतात, पण बाहेरूनच.

सातवी: कोठी बदलायचीच असेल तर

पत्र्याच्या किंवा स्टीलच्या कोठीला उंदीर आणि भुंगेरे काही करू शकत नाहीत, हा तिचा मोठा गुण. तिचा दोष म्हणजे ती लवकर तापते आणि लवकर गार होते, त्यामुळे थेंब धरायची शक्यता जास्त. जाड प्लास्टिकचं, लोखंडी पट्टीच्या कडीने झाकण आवळणारं पिंप हवा चांगली धरतं आणि माझी पहिली पसंती त्यालाच. फक्त ते नवं आणि खाद्यपदार्थांसाठीचं असावं. भंगारात स्वस्त मिळणाऱ्या निळ्या पिंपांत आधी काय होतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. साबणाने तीनदा धुऊनही प्लास्टिकमध्ये मुरलेलं रसायन निघत नाही. वास येत नाही हा पुरावा नव्हे. अशा पिंपात खाण्यापिण्याचं काहीच भरू नका.

१५ किलोचे तेलाचे डबे कोपऱ्यांत पूर्ण धुतले गेले तर चालतात. उरलेल्या तेलाला खवट वास सुटतो आणि तो धान्याला लागतो. पातळ प्लास्टिकची पिशवी एकटी कधीच वापरू नका, दाणे पोखरणारा भुंगेरा ती आतून भोसकून बाहेर येतो.

तिहेरी थराच्या पिशव्यांबद्दल मात्र मला चांगलं बोलायचं आहे. आत जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्या आणि बाहेर विणलेलं पोतं, अशी ही रचना. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये शेतकऱ्यांच्या चवळीसाठी ती बसवली. आतली हवा दाबून काढायची, तोंड पिळून दुमडायचं आणि प्रत्येक थर वेगळा बांधायचा. आत राहिलेले किडे उरलेला प्राणवायू स्वतःच संपवतात, औषध काहीच लागत नाही. ५० किलो जोंधळ्याला याहून स्वस्त हवाबंद साठवण नाही. उंदीर असलेल्या घरात मात्र त्या पिशव्या पत्र्याच्या पेटीत ठेवाव्या लागतात. हे तत्त्व आपल्याला नवीन नाही. सांगलीला लागून असलेल्या हरिपूरला हळद जमिनीतल्या पेवांत ठेवायचे, ते याच हिशोबाने. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे, कारण आत माणसालाही पुरेल एवढा प्राणवायू नसतो.

परदेशात घरी बिअर करणारी आपली मुलं बार्लीच्या माल्टसाठी असाच प्रश्न विचारतात, तर त्यांच्यासाठी एक परिच्छेद. माल्टमध्ये ओल ४-५ टक्केच असते, त्यामुळे ते हवेतली ओल झपाट्याने ओढतं आणि मऊ पडतं. तिथं झाकणाचं रबर खरोखरच पहिल्या नंबरची गोष्ट. माल्ट गव्हापेक्षा हलकं, २५ किलोच्या पोत्याला साधारण ४५ लिटर जागा लागते. पाच गॅलनच्या बादल्या घ्यायच्या तर अडीच. झाकण फिरवून बसणारं आणि आत रबर असलेलं घ्या, दाबून बसणारं झाकण दोन-चारदा काढलं की सैल होतं. आणि भरडून ठेवू नका. अख्खं महिनोन्‌महिने राहतं, भरडलेलं काही आठवड्यांत मरगळतं.

औषधं, पाला, गोळ्या

एरंडेल तेल किलोला चमचाभर चोळलं तर कडधान्यावर चांगलं काम करतं, कारण भुंग्याची अंडी दाण्याच्या बाहेर असतात आणि तेलाने गुदमरतात. गव्हातल्या सोंडकिड्याचं अंडं आत असल्याने तिथं फायदा कमी. कडुनिंबाचा पाला सावलीत कुरकुरीत वाळलेला हवा. हिरवा पाला टाकून लोक कोठीत पाणीच घालतात. पाऱ्याच्या गोळ्या मी विकत नाही. पाऱ्याची वाफ साध्या तापमानालाही होते, ती विषारी असते, आणि बंद कोठीत ती धान्याशेजारीच राहते. बोरिक पावडर तांदळाला लावणारे निदान तांदूळ धुतात. दळणाआधी गहू कोण धुतो?

थोडं धान्य वाचवायचं असेल तर फ्रीझर उत्तम. पाच किलोची पिशवी घट्ट बांधून आठवडाभर ठेवा, आणि बाहेर काढल्यावर साध्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दाण्यांवर दव धरेल. क्विंटलभर गव्हाला हा उपाय नाही. तिथं चाळा, पाखडा, पुन्हा नीट ऊन द्या आणि तो गहू साठवणीतून काढून आधी दळायला घ्या.

इथे थांबा

धान्याला ऊब आली असेल, हिरवट-काळी बुरशी दिसत असेल किंवा कुबट वास मुरला असेल तर ते वाळवून खाऊ नका. बुरशीचं विष उन्हाने, धुण्याने किंवा भाकरी भाजून जात नाही. जनावरांनाही घालू नका, ते दुधात उतरतं. गोळा झालेला भाग आणि त्याच्या भोवतीचं बरंचसं धान्य टाकून द्या. किती टाकायचं ते ठरत नसेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना घेऊन विचारा.

खापरा सापडला तर घरगुती उपाय बंद करा. त्याच्या अळ्या भिंतीच्या आणि फरशीच्या फटींत अन्नावाचून वर्षानुवर्षं दडून राहू शकतात. कोठी स्वच्छ करून काही होत नाही, परवाना असलेल्या माणसाकडून खोलीचाच बंदोबस्त करून घ्यावा लागतो. सगळं व्यवस्थित करूनही सलग दोन पावसाळे तीच कीड परत आली, तरी हेच.

आणि अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कुणी "धान्यात टाकायला" म्हणून कागदात गुंडाळून दिल्या तर घरात आणू नका. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फीन वायू निघतो, त्यावर उतारा नाही, आणि त्याचा लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास प्रत्येक वेळी येईलच असं नाही. राहत्या घरात त्या वापरायला परवानगीच नाही. आधीच टाकल्या असतील तर कोठी उघडू नका, पाणी ओतू नका. पाण्याने वायू झपाट्याने सुटतो आणि पेटही घेऊ शकतो. जाता जाता दारं-खिडक्या उघडा, घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा, शेजाऱ्यांना सांगा. कुणाला मळमळ, छातीत दडपण किंवा धाप लागत असेल तर १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना गोळीचं नाव आधी सांगा.

धुरी देणारा, म्हणजे विषारी वायूने कीड मारणारा माणूस बोलवाल तेव्हा परवाना बघा. घरातच झाकण लावून गोळी ठेवतो म्हणणाऱ्याला परत पाठवा. धान्य गोदामात नेऊन, वायू न जाणाऱ्या ताडपत्रीखाली धुरी देणारा पाहिजे. धान्य परत घेताना वायू यंत्राने मोजून दाखवायला सांगा, आणि तो आकडा पावतीवर लिहून घ्या.